उबुंटूवर टर्मिनल उघडायचं कसं? आणि उघडल्यावर पुढे काय?

शेवंती
नमस्कार मंडळी. माझ्या लॅपटॉपवर विंडोज १० होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचे अपडेट बंद झाले, आणि लॅपटॉप जुना म्हणून विंडोज ११ त्यावर चढेना. भाचा दिवाळीला आला होता, त्याने विंडोजऐवजी उबुंटू २४.०४ (लिनक्सचा एक प्रकार) टाकून दिलं. ब्राउझर, मेल, लिबरऑफिस सगळं व्यवस्थित चाललंय, तक्रार नाही.
अडलंय ते फॉन्टपाशी. मंडळाच्या निमंत्रणपत्रिका मी करते आणि देवनागरीत मोजकेच फॉन्ट दिसतात. एका ठिकाणी लिहिलंय, "टर्मिनल उघडा आणि ही ओळ टाका: सुडो एपीटी इन्स्टॉल फॉन्ट्स-देवा-एक्स्ट्रा". ओळ मिळाली, पण टर्मिनलच सापडेना. विंडोजची खूण असलेलं बटण दाबून वरच्या चौकटीत "टर्मिनल" लिहिलं तर काहीच येत नाही. माझ्याकडे ते बसवलेलंच नसेल का? भाचा बंगळुरात रात्रपाळीला असतो, दिवसा त्याची झोपमोड करायची नाही म्हणून इथे विचारतेय.

डोंगरदऱ्या
शेवंतीताई, आहे, नक्की आहे. कंट्रोल, ऑल्ट आणि टी ही तीन बटणं एकत्र दाबा. काळपट जांभळी खिडकी उघडेल, तेच टर्मिनल, म्हणजे मशीनला आज्ञा टाइप करून द्यायची जागा.
शोधून सापडलं नाही कारण तुम्ही चौकटीत मराठीत लिहिलं असणार. मेनू इंग्रजीत असतील तर ॲपची नावंही इंग्रजीतच शोधावी लागतात. विंडोजची खूण असलेल्या बटणाला लिनक्सवाले सुपर म्हणतात. सुपर आणि स्पेसबार एकत्र दाबलं की कीबोर्डची भाषा बदलते. इंग्रजी करून "टर्म" एवढंच टाइप करा, चौकोन समोर येईल.
एक आधीच सांगतो. इथे मी सगळं देवनागरीत लिहितोय, पण आज्ञा रोमन लिपीत द्यायच्या, सगळी अक्षरं लहान. मोठं अक्षर आणि लहान अक्षर लिनक्सला वेगळं वाटतं.

निमशहरी
फॉन्टसाठी टर्मिनल? अहो, फॉन्टची फाइल उतरवून घ्यायची, तिच्यावर दोनदा क्लिक करायचं, समोर "इन्स्टॉल"चं बटण येतं. झालं. नवीन माणसाला पहिल्याच दिवशी काळ्या खिडकीत ढकलायची काय हौस असते लोकांना कळत नाही. म्हणूनच लोक लिनक्सला भितात.

डोंगरदऱ्या
एखाद-दुसरा फॉन्ट हवा असेल तर तुमचंच बरोबर आहे, तसंच करावं. ताईंनी दिलेल्या ओळीने देवनागरीचे बरेच फॉन्ट एका फटक्यात येतात, तेही उबुंटूच्या स्वतःच्या भांडारातून. फुकट फॉन्टच्या साइटींवर "डाउनलोड" लिहिलेल्या चार बटणांपैकी खरं कोणतं हे ओळखण्यापेक्षा ते बरं.

शेवंती
उघडलं!! कंट्रोल-ऑल्ट-टी ने लगेच उघडलं. पण आता वेगळीच गंमत. ओळ कॉपी करून कंट्रोल-व्ही केलं, काही झालं नाही. म्हणून हाताने टाइप करायला गेले तर पहिलाच शब्द "ेह्द" असा उमटला. एंटर मारल्यावर खाली "ेह्द: कमांड नॉट फाउंड". हे काय आहे?

बॅकबेंचर_४२
हाहाहा, काकू, कीबोर्ड मराठीवरच राहिलाय. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डमध्ये एसच्या जागी एक मात्रा, यूच्या जागी ह, डीच्या जागी हलंत, ओच्या जागी द. म्हणून सुडोचं "ेह्द" झालं. हॉस्टेलवर आमचंही होतं हे. एल-एस (फोल्डरातल्या फाइलींची यादी दाखवणारी आज्ञा) टाइप केलं की "ते" येतं आणि मशीन उलट सांगतं, "ते: कमांड नॉट फाउंड". ते म्हणजे कोण ते!

डोंगरदऱ्या
बरोबर ओळखलंस. तुम्ही इथे मराठीत उत्तर लिहिता आणि तसंच टर्मिनलमध्ये जाता, भाषा तीच राहते. प्रत्येक वेळी सुपर-स्पेस करायचं नसेल तर सेटिंग्ज उघडा, कीबोर्डमध्ये जा. तिथे "प्रत्येक खिडकीसाठी वेगळी भाषा" अशा अर्थाचा पर्याय आहे, तो निवडा. मग ब्राउझर मराठीत आणि टर्मिनल इंग्रजीत, आपापल्या जागी राहतात.
आता चिकटवण्याचं. टर्मिनलमध्ये कंट्रोल-व्ही चालत नाही, कंट्रोल-शिफ्ट-व्ही करायचं. कॉपीलाही कंट्रोल-शिफ्ट-सी. किंवा सरळ राइट क्लिक करून "पेस्ट". नुसतं कंट्रोल-सी मात्र चुकूनही कॉपीसाठी दाबू नका. त्याचा अर्थ इथे "चालू काम थांबव" असा होतो.

खडूस_म्हातारा
कंट्रोल-सीवरून एक भर घालतो. आमच्या ऑफिसात नवीन आलेल्या एका पोराने अपडेट चालू असताना पडद्यावरचा मजकूर कॉपी करायला कंट्रोल-सी मारलं. अपडेट अर्ध्यात तुटलं. त्यानंतर काहीही बसवायला गेलं की एकच रड: डीपीकेजी (बसवण्याचं आतलं काम करणारा प्रोग्राम) मध्येच थांबलं होतं, आधी ते पूर्ण करा. उपायही त्याच संदेशात लिहिलेला असतो: सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए. पोराने तो संदेश वाचलाच नव्हता. लाल काहीतरी दिसलं की खिडकी बंद करायची, असा त्याचा खाक्या.
तेवढंच छळणारं दुसरं बटण कंट्रोल-एस. सेव्ह करायची सवय असते, बोटं आपोआप तिकडे जातात आणि टर्मिनल गोठतं. काही टाइप केलं तरी दिसत नाही. लोक मशीन बंद करून परत चालू करतात. कंट्रोल-क्यू दाबा, जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं. ही दोन्ही बटणं टेलिप्रिंटरच्या काळातली आहेत, कागदावर छापणारं यंत्र मागे पडलं की पाठवणाऱ्याला "थांब" आणि "चल" सांगायला. यंत्रं भंगारात गेली, बटणं उरली.

शेवंती
चिकटवलं! कंट्रोल-शिफ्ट-व्ही ने आली ओळ. एंटर मारला. आता ते पासवर्ड मागतंय, पण मी टाइप करतेय ते उमटतच नाहीये. ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बिघडला की काय?

पोहेवाला
ताई कीबोर्ड ठीक आहे. तिथे पासवर्ड दिसतच नाही, मुद्दामच. मागे कुणी उभं असेल तर किती अक्षरी आहे हेही कळू नये म्हणून. आंधळेपणाने टाइप करा आणि एंटर. लॉगिन करताना वापरता तोच पासवर्ड.

डोंगरदऱ्या
आणि एंटरच्या आधी कीबोर्ड इंग्रजी आहे ना बघा!! तुम्ही आत्ताच इथे मराठीत लिहून गेलात. अक्षरं दिसत नसल्यामुळे मराठीत पडतायत हे कळणारच नाही, नुसतं "सॉरी, ट्राय अगेन" येत राहील. वर उजव्या कोपऱ्यात घड्याळाच्या पट्टीत भाषेची खूण असते, ती "एन" हवी. तीनदा चुकलं तर बाहेर काढतं, घाबरू नका, वरचा बाण दाबला की तीच ओळ परत येते.
एकदा बरोबर पडला की उबुंटू साधारण १५ मिनिटं त्याच खिडकीत परत विचारत नाही.

निमशहरी
हे सगळं वाचून माझं म्हणणं अजूनच पक्कं झालं :) दोन क्लिकचं काम होतं.

खडूस_म्हातारा
दोन क्लिकचं काम आज आहे. पुढच्या आवृत्तीत ते बटण कुठे असेल सांगा. उबुंटूने २०११ साली युनिटी नावाचा डेस्कटॉप आणला, २०१७ मध्ये तो काढून ग्नोम आणला. दर वेळी सेटिंग्जची मांडामांड बदलली. केडीई हा वेगळा डेस्कटॉप वापरणाऱ्याला तुमच्या पडद्याची चित्रं उपयोगाची नाहीत, एक्सएफसीई हा तिसरा वापरणाऱ्याला दोघांचीही नाहीत. एपीटी इन्स्टॉल मात्र सगळ्या उबुंटूंवर एकच, मिंट आणि डेबियन या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारांवरही तेच. मदत लिहिणारे ओळ देतात ती मिरवायला नव्हे. शंभर जणांकडे शंभर पडदे असतात आणि ओळ सगळीकडे तीच चालते, म्हणून.
तुमच्या म्हणण्यात तथ्य एवढंच की ओळ देणाऱ्याने ती वाचायला शिकवलं पाहिजे. ते कुणी करत नाही.

निमशहरी
मग शिकवा की. वाट बघतोय.

खडूस_म्हातारा
घ्या. टर्मिनल उघडलं की आधी जे दिसतं ते वाचा. "शेवंती@लॅपटॉप:~$" असं काहीतरी असेल. ॲटच्या आधी तुमचं नाव, नंतर मशीनचं नाव. विसर्गासारख्या दोन ठिपक्यांनंतर तुम्ही कुठल्या फोल्डरात आहात ते. ती नागमोडी रेघ म्हणजे तुमचं घर, म्हणजे डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे जिथे असतात तो फोल्डर. शेवटी डॉलर म्हणजे साधा वापरणारा. तिथे डॉलरऐवजी हॅश दिसला तर तुम्ही रूट आहात, म्हणजे सर्वाधिकारी, आणि नवख्याने तिथून आल्या पावली परत फिरावं. ओळ कॉपी करताना सुरुवातीचा डॉलर सोबत घेऊ नका, तो आज्ञेचा भाग नसतो. अर्ध्या लोकांचं घोडं तिथेच अडतं.
आता ताईंची ओळ. सुडो: पुढचं काम अधिकाऱ्याच्या हक्काने कर. एपीटी: सामान आणणारा. इन्स्टॉल: काय करायचं. शेवटचं: काय आणायचं. चार शब्द, एकही मंत्र नाही. अनोळखी ओळ दिसली की असंच तोडून बघायचं. पहिला शब्द सुडो असेल तर दोनदा बघायचं. त्यात कुठे आर-एम असेल तर हात बाजूला ठेवून तीनदा बघायचं. आर-एमने पुसलेलं कचरापेटीत जात नाही, जातं ते जातंच.
शंका आली तर एम-ए-एन, मग जागा सोडून त्या आज्ञेचं नाव. माहितीपत्रक उघडतं. बाहेर पडायला क्यू.

बॅकबेंचर_४२
आजोबा +१. क्यूचं आधी कुणी सांगितलं असतं तर फर्स्ट इयरची अर्धी लॅब वाचली असती.

शेवंती
पासवर्ड घेतला! मग भली मोठी यादी आली आणि विचारलं, "डू यू वॉन्ट टू कंटिन्यू? [वाय/एन]". मी वाय दाबलं तर "ब" उमटला. एंटर मारला तर "अबॉर्ट" म्हणून बाहेर. आता कळलं हो का ते, तुम्ही सांगायची गरज नाही, सुपर-स्पेस :) वरचा बाण दाबून परत करतेय.

पोहेवाला
त्या कंसात वाय मोठा असतो आणि एन लहान. मोठं असेल ते आपोआप धरलं जातं, त्यामुळे नुसता एंटर मारला तरी "हो" समजतं. तिथे भाषेची भानगडच नको.
माझाही एक प्रश्न, धागा ताईंचा आहे पण विचारतो. माझ्या फोल्डरांची नावं मराठीत आहेत. एल-एस केलं की "निमंत्रण" धड दिसत नाही, वेलांटी भलतीकडे, जोडाक्षरं फुटलेली. फाइल खराब झाली का?

डोंगरदऱ्या
फाइलला काही झालेलं नाही. टर्मिनलचा पडदा वहीच्या चौकटींसारखा आखलेला असतो, एका चौकटीत एक अक्षर. रोमनला ते सोयीचं. देवनागरीत पहिली वेलांटी लिहिताना व्यंजनानंतर येते आणि दिसायला आधी लागते, जोडाक्षरात दोन-तीन वर्ण मिळून एक आकार होतो, ते या आखणीत बसत नाही. उबुंटूच्या नेहमीच्या टर्मिनलमध्ये ही कटकट जुनीच आहे. आत नाव बरोबरच साठवलेलं असतं, फाइल्समध्ये तेच नीट दिसतं.
सोपा मार्ग: फाइल्स ॲपमध्ये त्या फोल्डरात जा, रिकाम्या जागी राइट क्लिक करा, "ओपन इन टर्मिनल". टर्मिनल थेट त्याच जागी उघडतं, सी-डी (फोल्डर बदलायची आज्ञा) करत बसायला नको. खरं तर नवख्यांसाठी टर्मिनल उघडायचा हाच सगळ्यात चांगला रस्ता, कारण आपण कुठे आहोत याचा घोळ राहत नाही. खात्री करायची तर पी-डब्ल्यू-डी टाइप करा, पूर्ण पत्ता छापून येतो. (रस्तेवाल्यांचा संबंध नाही.)
एखाद्या फाइलचं नाव आज्ञेत हवं असेल तर फाइल्समधून ती ओढून टर्मिनलवर सोडा, पूर्ण पत्ता अवतरणचिन्हांसकट येतो. नाहीतर पहिलं अक्षर टाइप करून टॅब दाबा, बाकीचं नाव ते स्वतः भरतं. मराठी नावालाही चालतं.

सातासमुद्रापार
छान धागा. आई पुण्यात मॅक वापरते आणि तिला फोनवर हेच समजावताना माझी दमछाक होते, म्हणून इथे लिहून ठेवतो. मॅकवर कमांड आणि स्पेसबार, मग टर्मिनल टाइप करून एंटर. ॲप्लिकेशन्समधल्या युटिलिटीज फोल्डरातही असतं. तिथे कॉपी-पेस्टला नेहमीचंच कमांड-सी आणि कमांड-व्ही चालतं, कारण थांबवायचं बटण कंट्रोल-सी वेगळं आहे. कॅटालिना या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, मॅकवर आत आज्ञा वाचणारा प्रोग्राम बॅशऐवजी झेडशेल असतो, त्यामुळे डॉलरच्या जागी टक्क्याची खूण दिसते. आईने विचारलं होतं, टक्के कसले?

निमशहरी
विंडोज ११ वाल्यांसाठी मीही सांगतो, नाहीतर म्हणाल नुसती टीका करतो. स्टार्टवर राइट क्लिक, "टर्मिनल". किंवा फोल्डरात राइट क्लिक, "ओपन इन टर्मिनल". आत पॉवरशेल, म्हणजे विंडोजचा आज्ञा वाचणारा प्रोग्राम असतो. लिनक्ससाठी लिहिलेल्या ओळी तिथे चिकटवू नका. सुडो एपीटी विंडोजला कळत नाही. डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) बसवून आत उबुंटू घेतलं असेल तर गोष्ट वेगळी.

बॅकबेंचर_४२
माझा प्रॉब्लेम उलटा आहे. उबुंटू २२.०४, कालपर्यंत टर्मिनल उघडत होतं, आज कंट्रोल-ऑल्ट-टी करून काहीच होत नाही. आयकॉनवर क्लिक केलं तर नुसतं गोल फिरतं आणि थांबतं. काल फक्त पायथॉन (प्रोग्रॅमिंगची भाषा) ३.११ टाकलं होतं, प्रोजेक्टसाठी.

डोंगरदऱ्या
आणि टाकून झाल्यावर पायथॉन३ म्हटलं की ३.११ चालावं असं बदललंस, हो ना?

बॅकबेंचर_४२
हो... अपडेट-अल्टरनेटिव्ह्जने, कोणती आवृत्ती चालवायची ते ठरवणाऱ्या आज्ञेने. एका व्हिडिओत सांगितलं होतं.

डोंगरदऱ्या
मग तेच. उबुंटूवर ग्नोम टर्मिनल सुरू करणारी फाइल स्वतः पायथॉनमध्ये लिहिलेली आहे आणि तिला लागणारे भाग २२.०४ सोबत येणाऱ्या ३.१० साठी बांधलेले असतात. तू खालची चादर ओढलीस. सिस्टिमच्या पायथॉनला हात लावायचा नाही, प्रोजेक्टसाठी व्हेन्व्ह, म्हणजे त्याच्यापुरतं वेगळं पायथॉन करायचं.
आता टर्मिनलशिवाय टर्मिनल कसं मिळवायचं. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाब. (लॅपटॉपवर सोबत एफएन दाबावं लागू शकतं.) सगळी चित्रं जाऊन पूर्ण काळा पडदा येईल आणि नाव विचारेल. लॉगिनचं नाव, पासवर्ड. हे खिडकीतलं टर्मिनल नाही, डेस्कटॉपच्या बाहेरचं आहे, त्यामुळे डेस्कटॉप कोलमडला तरी बहुधा चालतं. तिथे अपडेट-अल्टरनेटिव्ह्जनेच परत ३.१० वर आण. मग कंट्रोल-ऑल्ट-एफ२ ने चित्रात परत ये. तिथे नुसता लॉगिनचा पडदा दिसला तर एफ१ करून बघ. मिंटवर बहुतेक वेळा एफ७ लागतो.

पोहेवाला
तिकडे मराठी नावांच्या जागी नुसत्या चौकोनी खुणा दिसतात, हे मी पाहिलंय. नवख्याला धडकी भरते.

खडूस_म्हातारा
त्या पडद्याला एका वेळी जास्तीत जास्त ५१२ आकार माहीत असतात. आमची जोडाक्षरंच त्यात मावायची नाहीत.

बॅकबेंचर_४२
आलं परत!! एफ३ चा पडदा बघून रूममेटला वाटलं मी काहीतरी हॅक करतोय. दादा थँक्यू. एफ२ नेच आलो परत.

पोहेवाला
कुणाला आरामात बसून शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सचे धडे मराठीतूनही आहेत. छोटे छोटे आहेत, थांबवून थांबवून स्वतः करत बघता येतात. यूट्यूबवरच्या "पाच मिनिटांत हॅकर व्हा"पेक्षा शतपटीने बरे.

शेवंती
झालं हो सगळं! शेवटी परत डॉलर आला, म्हणजे संपलं असं मी समजले. पण लिबरऑफिसच्या यादीत नवीन फॉन्ट नाहीत. आले की नाहीत कसं कळणार? आणि ही खिडकी बंद कशी करायची, सरळ फुली मारू का?

डोंगरदऱ्या
लिबरऑफिस उघडं होतं का? त्याच्या सगळ्या खिडक्या बंद करून परत उघडा, यादी ते सुरू होतानाच वाचतं.
आले का ते टर्मिनलमध्येच बघता येईल: एफसी-लिस्ट, एक जागा, मग :लँग=एमआर, एक जागा, फॅमिली. पहिल्या आज्ञेतली आडवी रेघ टाइप करायची, आणि लँगच्या आधीचे दोन ठिपके लँगला चिकटून. मराठी लिहिता येईल असे मशीनवरचे सगळे फॉन्ट छापून येतात. एमआर म्हणजे मराठी, एचआय केलंत तर हिंदीचे येतील.
बंद करायला ई-एक्स-आय-टी टाइप करून एंटर, किंवा कंट्रोल-डी. डॉलर दिसत असेल तर फुली मारली तरी चालते. काम चालू असताना मारलीत तर ते काम मध्येच तुटू शकतं, म्हणून आधी डॉलर आलाय ना बघायचं.

शेवंती
आली यादी! लिबरऑफिस बंद करून उघडलं, तिथेही दिसले. आता शीर्षकाला त्यातला एक लावून बघते. एक फॉन्ट मात्र असा आहे की त्यात "श्री"मधला श वेगळाच, हिंदी पुस्तकातल्यासारखा येतो. आणि "ल"सुद्धा. तो आपल्या वळणाचा करता येतो का?

खडूस_म्हातारा
करता येतो, फॉन्टमध्ये मराठी वळण दिलेलं असेल तर. मजकूर निवडा, फॉरमॅटमध्ये कॅरेक्टर, तिथे भाषा हिंदी दिसत असेल तर ती मराठी करा. काही फॉन्ट भाषा बघून ल आणि श बदलतात, काही बदलत नाहीत. नाही बदलला तर दुसरा फॉन्ट घ्या, आता तोटा नाही तुम्हाला. याला टर्मिनल लागत नाही, निमशहरी यांनी नोंद घ्यावी.

निमशहरी
घेतली.